उद्योजकाची ध्येयनिष्ठा आणि शंकाकारांचे प्रश्न

मोठ्या उद्योजकांची चरित्रे वाचीत असता एक ठरावीक चित्र वाचकाच्या डोळ्यांपुढे उभे राहते. एका बाजूस दूरदृष्टीचा पुरुष, दुसऱ्या बाजूस त्याला हसणारे लोक. मधे काही वर्षांचे कष्ट, आणि शेवटी हसणाऱ्यांची फजिती. हे चित्र मनोरम असले तरी अभ्यासकाच्या उपयोगाचे नाही. कारण ज्यांनी आपला हेका शेवटपर्यंत सोडला नाही आणि तरीही ज्यांचे कारखाने बुडाले, त्यांची चरित्रे सहसा कोणी लिहीत नाही. केवळ यशस्वी लोकांच्या आग्रहावरून 'आग्रह म्हणजेच यश' असा निष्कर्ष काढणे म्हणजे नदी पोहून गेलेल्यांनाच विचारून नदीची खोली ठरविण्यासारखे आहे. म्हणून प्रस्तुत लेखात प्रश्न निराळ्या रीतीने मांडावयाचा आहे. शंका घेणाऱ्यांस न जुमानता आपल्या उद्योगविषयक ध्येयाशी एकनिष्ठ राहणे म्हणजे नेमके काय? ही निष्ठा आणि निव्वळ हट्ट यांतील भेद कसा ओळखावा? आणि शंका घेणारे सर्वच एका जातीचे असतात काय?

या प्रश्नांचा विचार हवेत करता येत नाही. त्यासाठी ज्यांची हकीकत पुरेशी नोंदली गेली आहे अशी उदाहरणे घेतली पाहिजेत. येथे मुख्यतः जमशेटजी टाटा यांच्या नागपूरच्या गिरणीचे आणि त्यांनी योजिलेल्या पोलादाच्या कारखान्याचे उदाहरण घेतले असून, तुलनेसाठी लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या लोखंडी नांगराचा आणि मुळशीच्या धरणाचा विचार केला आहे.

ध्येय आणि योजना

प्रथम दोन शब्दांतील अंतर स्पष्ट करणे अवश्य आहे. 'ध्येय' म्हणजे उद्योजकाला जे अखेर साधावयाचे असते ते. 'योजना' म्हणजे ते साधण्यासाठी त्याने तूर्त पत्करलेला मार्ग. हिंदुस्थानातील खनिजापासून हिंदुस्थानी भांडवलावर उत्तम प्रतीचे पोलाद तयार करणे हे ध्येय होय. ते चांदा जिल्ह्यात करावयाचे की अन्यत्र, वरोऱ्याचा कोळसा वापरावयाचा की झरियाचा, भांडवल लंडनमध्ये उभारावयाचे की मुंबईत, या सर्व गोष्टी योजनेत मोडतात. सर्वसाधारण बोलण्यात या दोहोंची गल्लत होते, आणि त्या गल्लतीतून दोन उलट चुका संभवतात. एक मनुष्य योजनेवरील टीका ऐकून ध्येयच टाकून देतो. दुसरा ध्येयाचा अभिमान धरून फसलेली योजनाच कवटाळून बसतो. पहिल्यास आपण दुर्बळ म्हणतो व दुसऱ्यास निष्ठावान. परंतु वास्तविक दोघांचीही चूक एकाच प्रकारची आहे.

भांडवलदाराची शंका : नागपूरची गिरणी

१८७४ साली जमशेटजींनी 'सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी' स्थापन केली आणि गिरणीसाठी नागपूर हे ठिकाण निवडले. त्या काळी कापडाची गिरणी म्हणजे मुंबई असे समीकरण रूढ होते. बंदर तेथे, यंत्रे उतरावयाची तेथे, पेढ्या तेथे, मजूर तेथे; मग शेकडो मैल आत जाऊन गिरणी कशासाठी काढावयाची, असे व्यवहारी लोकांना वाटणे स्वाभाविक होते. जमशेटजींचा हिशेब वेगळा होता. वऱ्हाड-नागपूरचा कापूस दाराशी मिळावा, कोळसा जवळच्या वरोऱ्याहून यावा, रेल्वे हाताशी असावी आणि तयार मालाला भोवतालचाच बाजार मिळावा, असा त्यांचा विचार होता. कच्चा माल मुंबईस न्यावयाचा आणि त्याचेच कापड पुन्हा आत आणावयाचे, ही दुहेरी ने-आण त्यांना निरर्थक वाटत होती.

गिरणीसाठी मिळालेली जागा पाणथळ होती आणि ती भरून काढावी लागली. यावरून सांगितली जाणारी एक हकीकत प्रसिद्ध आहे. नागपूरच्या एका सावकाराने या कामास पैसा देण्याचे नाकारले. कारण दलदल बुजविण्यासाठी हा गृहस्थ सोने जमिनीत घालीत आहे, असे त्यास वाटले. पुढे गिरणी भरभराटीस आल्यावर त्याच सावकाराने कबूल केले की, टाटांनी जमिनीत सोने नव्हे तर माती घातली आणि सोने बाहेर काढले. १ जानेवारी १८७७ रोजी, राणी व्हिक्टोरियाने हिंदुस्थानची सम्राज्ञी हे पद धारण केल्याची घोषणा झाली त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली आणि तिला 'एम्प्रेस मिल' हे नाव मिळाले.

ही गोष्ट सांगून लोक सहसा येथेच थांबतात. परंतु सुरुवातीची वर्षे सुखाची नव्हती, हे ध्यानात घेतले पाहिजे. यंत्रसामग्री घेताना केलेली काटकसर अंगावर आली. उत्पादन समाधानकारक होईना. म्हणजे गिरणीच्या जागेविषयीची शंका चुकीची ठरली, पण यंत्रांच्या बाबतीत प्रवर्तकांचाच अंदाज चुकला होता. जमशेटजींनी ती यंत्रे बदलली. पुढे १८८३ च्या सुमारास त्यांनी 'रिंग' पद्धतीच्या सूतकताईचे प्रयोग नागपुरास केले. त्या वेळी खुद्द लँकेशायरमध्येही ही पद्धत रूढ झालेली नव्हती. प्रथम थोड्या चात्यांवर प्रयोग, त्यावरून अनुमान, आणि मग मोठ्या प्रमाणावर बदल, असा तो क्रम होता. कारभार बेझनजी मेहता यांच्यासारख्या, गिरणीचा पूर्वानुभव नसलेल्या परंतु रेल्वेच्या कामात मुरलेल्या गृहस्थाकडे सोपविणे हेही प्रचलित समजुतीविरुद्ध होते; तेही परिणामांती योग्य ठरले.

भांडवलदाराची शंका नेहमी अशीच असते. 'हे होईल की नाही' यापेक्षा 'माझा पैसा केव्हा परत येईल' हा त्याचा प्रश्न असतो, आणि त्यात गैर काही नाही. या शंकेचे उत्तर वक्तृत्वाने देता येत नाही. ते हिशेबाने आणि कालांतराने मिळणाऱ्या फळानेच द्यावे लागते. आज ती गिरणी चालू नाही. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या त्या अखेरच्या पर्वात, मुंबईबाहेर मोठा कारखाना चालू शकतो हे तिने सिद्ध केले, आणि पुढील मोठ्या कामाचे धाडस करण्याइतके बळ तिच्या प्रवर्तकास दिले.

तज्ज्ञाची शंका : पोलाद

१८८२ साली रिटर फॉन श्वार्त्झ या जर्मन तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यातील लोहखनिजाविषयीचा अहवाल जमशेटजींच्या वाचनात आला. लोहारा येथील खनिज उत्तम आहे आणि वरोऱ्याच्या कोळशाच्या खाणी त्यापासून फार दूर नाहीत, असे त्यावरून दिसत होते. येथून त्यांच्या मनात पोलादाचा विचार सुरू झाला, आणि पहिले पोलाद प्रत्यक्ष तयार झाले ते १९१२ साली. मधे तीस वर्षे गेली. या तीस वर्षांचा इतिहास म्हणजे एकच ध्येय आणि अनेक टाकून दिलेल्या योजना यांचा इतिहास होय.

प्रथम या धंद्याचे स्वरूप पाहू. कापसाच्या गिरणीत कच्चा माल एकच असतो. पोलादाच्या कारखान्यास लोहखनिज, कोक होऊ शकेल असा कोळसा, चुनखडी आणि मुबलक पाणी या चारही गोष्टी लागतात, आणि त्या एकमेकींपासून परवडेल इतक्या अंतरावर असाव्या लागतात. चांगल्या खनिजात साठ-पासष्ट टक्के लोह असले तरी एक टन कच्चे लोखंड काढण्यास दीड टनाहून अधिक खनिज झोतभट्टीत घालावे लागते, आणि त्या काळी कोळसाही त्याच मानाने लागे. ज्याचा कोक होत नाही तो कोळसा बाष्पयंत्रास चालतो, पण झोतभट्टीत तो वरील थरांचा भार सहन करू शकत नाही. वर्धा खोऱ्यातील कोळसा नेमका याच जातीचा आहे. वरोऱ्याच्या कोळशाची परीक्षा या दृष्टीने प्रतिकूल ठरली, आणि सरकारी खनिज-नियमही त्या काळी खाजगी उद्योजकास जाचक होते. तेव्हा हा विचार बाजूस ठेवावा लागला. जमशेटजींनी तो सोडला मात्र नाही.

या धंद्याविषयी शंका घेणारे लोक केवळ द्वेषाने बोलत होते असे समजणे इतिहासास धरून होणार नाही. त्यांच्या पाठीशी पुरावा होता. १८३० च्या सुमारास जोसाया मार्शल हीथ या इंग्रजाने मद्रास इलाख्यात पोर्टो नोव्हो येथे लोखंडाचा कारखाना काढला. हीथ हा ध्येयनिष्ठेत कोणास हार जाणारा नव्हता; त्याने या कामी आपले आयुष्य वेचले. परंतु लाकडी कोळशावर अवलंबून असलेला तो कारखाना तोट्यातच राहिला आणि अखेर बंद पडला. बंगालमध्ये कुल्टी येथे १८७० नंतरच्या दशकात निघालेला कारखाना काही वर्षांतच बंद झाला व पुढे दुसऱ्या हातांत गेला. त्याच्या उत्तराधिकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी पोलाद करून पाहिले, पण ते नुकसानीत आल्यामुळे सोडून दिले. एवढे अपयश समोर असता, हिंदुस्थानात पोलाद होणार नाही असे म्हणणारा मनुष्य अडाणी होता असे म्हणता येत नाही.

१८९९ साली लॉर्ड कर्झनच्या कारकीर्दीत खनिज-नियम सैल झाले, आणि जमशेटजींनी साठीच्या घरात असता हे काम पुन्हा हाती घेतले. १९०२ साली ते अमेरिकेस गेले. तेथे पिट्सबर्गचे प्रख्यात अभियंते ज्यूलियन केनेडी यांनी त्यांना बजाविले की, निव्वळ प्राथमिक पाहणीसच फार मोठा खर्च येईल आणि त्यातून काही निष्पन्न होईलच असे नाही. जमशेटजींनी तो खर्च पत्करला. येथे त्यांची दृष्टी दिसून येते. तज्ज्ञाने 'होणार नाही' म्हटले तर त्याच्याशी वाद न घालता, 'होईल की नाही हे ठरविण्यास काय लागेल' हे विचारावयाचे, आणि ते मोजून द्यावयाचे. केनेडींच्या सूचनेवरून त्यांनी न्यूयॉर्कचे चार्ल्स पेज पेरिन यांस सल्लागार नेमले, आणि पेरिन यांचे सहकारी सी. एम. वेल्ड १९०४ साली हिंदुस्थानात आले.

वेल्ड, जमशेटजींचे चिरंजीव दोराबजी आणि भाचे शापुरजी सकलातवाला यांनी चांद्याच्या रानात पाहणी केली. निष्कर्ष निराशाजनक निघाला: खनिज होते, पण जोडीचा कोळसा नव्हता, आणि मोठ्या कारखान्यास पुरेल असा संचयही नव्हता. वीस-बावीस वर्षे उराशी बाळगलेली चांद्याची योजना येथे संपली. याच सुमारास, १९ मे १९०४ रोजी, जर्मनीत बाड नाउहाइम येथे जमशेटजी निवर्तले.

यापुढील भाग विशेष बोधप्रद आहे. चांद्याचा नाद सोडल्याचे सरकारास कळविण्यासाठी दोराबजी नागपुरास गेले असता, अधिकाऱ्यांची वाट पाहत ते जवळच्या वस्तुसंग्रहालयात शिरले. तेथे एका भूस्तरीय नकाशावर आजच्या छत्तीसगडातील भागात लोहखनिजाचा ठसठशीत रंग त्यांच्या दृष्टीस पडला. या भागाची पाहणी भूस्तरशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी १८८७ साली प्रसिद्ध केली होती. दोराबजी आणि वेल्ड दल्ली-राजहराच्या टेकड्यांवर गेले आणि तेथे अत्यंत समृद्ध खनिज असल्याचे त्यांस आढळले. तथापि कोकयोग्य कोळसा आणि पाणी यांचा मेळ तेथेही बसेना. इतक्यात त्याच बोस महाशयांचे पत्र आले होते. सरकारी सेवेतून निवृत्त होऊन ते मयूरभंज संस्थानात काम करीत होते, आणि २४ फेब्रुवारी १९०४ च्या त्या पत्रात त्यांनी गोरुमहिसाणी डोंगरातील खनिजाकडे टाटांचे लक्ष वेधले होते. मयूरभंजचे खनिज, झरियाचा कोळसा आणि सुवर्णरेखा व खरकाई या नद्यांचे पाणी, असा मेळ शेवटी जमला, आणि १९०७ च्या अखेरीस साकची हे खेडे निश्चित झाले. दल्ली-राजहराचे खनिज मात्र वाया गेले नाही. स्वातंत्र्योत्तर काळात १९५९ साली सुरू झालेल्या भिलाईच्या कारखान्यास तेच पुरविले गेले. एका योजनेसाठी अयोग्य ठरलेली जागा दुसऱ्या काळी, दुसऱ्या परिस्थितीत योग्य ठरली. शंका ही सुद्धा देशकालसापेक्ष असते, याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

भांडवलाचीही कथा अशीच आहे. प्रथम लंडनच्या बाजारात प्रयत्न झाला. तेथील भांडवलदार साशंक होते, आणि जे पैसा देऊ म्हणत होते त्यांस कारभारावर ताबा हवा होता. तेव्हा ही योजनाही बदलण्यात आली. वंगभंगानंतरच्या स्वदेशीच्या काळात, ऑगस्ट १९०७ मध्ये, मुंबईत जाहीर आवाहन करण्यात आले. टाटांच्या कचेरीभोवती सकाळपासून रात्रीपर्यंत लोकांची रीघ लागली, आणि तीन आठवड्यांत सुमारे १६ लाख ३० हजार पौंडांचे भांडवल जमले. भाग घेणाऱ्यांची संख्या आठ हजारांच्या आसपास होती. पुढे खेळत्या भांडवलासाठी काढलेले चार लाख पौंडांचे कर्जरोखे एकट्या ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी घेतले. येथे एक गोष्ट विसरता कामा नये. या क्षणापासून ध्येय एका घराण्याचे राहिले नाही; त्यात हजारो सामान्य कुटुंबांची पुंजी गुंतली. दुसऱ्याच्या पैशावर निष्ठा पाळणाऱ्यास स्वतःच्या पैशावर पाळणाऱ्यापेक्षा अधिक विवेक लागतो.

आता त्या प्रसिद्ध शंकाकाराविषयी. रेल्वे बोर्डाचे अध्यक्ष सर फ्रेडरिक अपकॉट यांनी, टाटा जर ब्रिटिश मानास उतरणारे रूळ करू शकले तर त्यांचा प्रत्येक रत्तल आपण खाऊन दाखवू, अशा अर्थाचे उद्गार काढल्याचे सर्वश्रुत आहे. या उद्गारातील उपहास सोडून दिला तर त्यात एक निश्चित कसोटी होती: रूळ ब्रिटिश मानास उतरले पाहिजेत. सरकारने दहा वर्षे दरसाल वीस हजार टन रूळ घेण्याचे जे मान्य केले, तेही माल त्या प्रतीचा असेल तरच. २ डिसेंबर १९११ रोजी पहिले लोखंड आणि १६ फेब्रुवारी १९१२ रोजी पहिले पोलाद निघाले. आरंभीच्या काळात प्रत साधण्यास कष्ट पडले. परंतु पहिल्या महायुद्धात या कारखान्याचे सुमारे पंधराशे मैल लांबीचे रूळ मेसोपोटेमिया, ईजिप्त आदी रणक्षेत्री गेले. अपकॉट साहेबांनी आपला शब्द पाळला असता तर त्यांस थोडे अपचन झाले असते, असे दोराबजींनी विनोदाने म्हटल्याचे नमूद आहे. २ जानेवारी १९१९ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड चेम्सफर्ड यांनी साकचीस जमशेदपूर हे नाव दिले.

कथा येथेही संपत नाही. युद्धानंतर कारखान्याचा मोठा विस्तार हाती घेतला असता किमती वाढल्या, नंतर परदेशी पोलाद स्वस्तात येऊ लागले, आणि १९२३ च्या भूकंपाने जपानसारखे गिऱ्हाईक मंदावले. १९२४ साली वेतन देण्याइतकाही पैसा उरतो की नाही अशी अवस्था आली. तेव्हा दोराबजींनी आपली सर्व खाजगी मालमत्ता, पत्नी मेहेरबाई यांच्या दागिन्यांसह, इंपीरियल बँकेकडे तारण ठेवून सुमारे एक कोटी रुपयांचे कर्ज उभे केले. त्याच वर्षी पोलादास संरक्षक जकात देणारा कायदा झाला. यावरून दोन गोष्टी दिसतात. निष्ठेची परीक्षा आरंभीच्या उपहासाच्या वेळी जितकी होते, त्याहून अधिक पहिल्या यशानंतर येणाऱ्या संकटात होते. आणि दुसरी गोष्ट अशी की, ती परीक्षा केवळ मनोधैर्याने पार पडत नाही. राज्याच्या धोरणाचे साहाय्य तेथे निर्णायक ठरू शकते. हीथच्या वाट्यास ते पुरेसे आले नाही.

ग्राहकाची शंका : लोखंडी नांगर

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे उदाहरण प्रमाणाने लहान, पण प्रकाराने वेगळे आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील शिक्षकाची नोकरी सोडून ते बेळगावास आले, सायकलींचा व्यवसाय केला, कडबा कापण्याचे यंत्र केले, आणि मग लोखंडी नांगर तयार केला. तो विकला जाईना. लोखंडाने जमीन विषारी होते, असा समज शेतकऱ्यांत पसरलेला होता. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली, असे सांगतात.

हा समज शास्त्रदृष्ट्या निराधार होता, हे खरे. परंतु शेतकऱ्याच्या नकारामागे एवढाच समज होता असे मानणे घाईचे होईल. लाकडी नांगर गावचा सुतार करून देई आणि त्याची दुरुस्ती बलुत्यात होई. त्यास रोख पैसा लागत नसे. लोखंडी नांगर रोखीने घ्यावा लागे, तो ओढण्यास अधिक बैल लागत, आणि मोडला तर गावात तो दुरुस्त करणारा कोणी नसे. एका वाईट पावसाळ्याने कर्जात बुडणाऱ्या मनुष्यास नवीन अवजार म्हणजे एक जुगारच होय. अंधश्रद्धेच्या भाषेत बोलला गेलेला हा आर्थिक सावधपणा होता. उलट, काळ्या जमिनीतील हरळी व कुंदा मुळापासून उपटून काढण्यास खोल नांगरटीसारखा उपाय नाही, हे ज्याने एकदा पाहिले त्यास अधिक सांगावे लागत नसे.

म्हणून ग्राहकाच्या शंकेचे उत्तर निराळे असते. तेथे तज्ज्ञाचा अहवाल निरुपयोगी. शेजाऱ्याच्या शेतातील पीक हेच प्रमाण. तेथे वस्तू गावापर्यंत पोहोचावी लागते, तिचे सुटे भाग मिळावे लागतात, आणि विकणाऱ्यास ग्राहकाची भाषा यावी लागते. बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची ओसाड जमीन दिली आणि १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी वसली. जागा बदलली, जुळणी पुन्हा नव्याने करावी लागली. शेतकऱ्यासाठी यंत्र करावयाचे हे ध्येय मात्र बदलले नाही.

शंका नव्हे, हरकत : मुळशी

येथवर ज्यांचा विचार केला ते सर्व एकच प्रश्न विचारीत होते: हे साधेल काय? परंतु उद्योजकाच्या वाटेत आणखी एक प्रकारचे लोक उभे असतात, आणि त्यांस शंकाकारांच्या रांगेत बसविणे ही मोठी विचारचूक होय. १९२१ साली मुळशी पेट्यातील मावळ्यांनी सेनापती बापट आदींच्या नेतृत्वाखाली टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. सह्याद्रीच्या पाण्यापासून मुंबईस वीज पुरविण्याची कल्पना जमशेटजींचीच होती, आणि ती साधेल की नाही याविषयी मुळशीच्या शेतकऱ्यास काडीचीही शंका नव्हती. किंबहुना ती साधणार हेच त्याचे दुःख होते. कारण ती साधली म्हणजे त्याचे भाताचे खाचर, घर आणि गाव पाण्याखाली जाणार होते. सत्याग्रह अखेर निष्फळ ठरला आणि धरण झाले.

यश मिळाल्याने भांडवलदाराची, तज्ज्ञाची व ग्राहकाची शंका फिटते. परंतु ज्याची जमीन गेली त्याची हरकत यशाने फिटत नाही. उलट यश जितके मोठे तितकी ती अधिक बोचते. 'लोक प्रथम विरोध करतात, मग मान्य करतात' हे वचन येथे लागू पडत नाही. ज्या उद्योजकास आपल्या ध्येयावर श्रद्धा आहे, त्याने 'हा मनुष्य माझ्या यशाविषयी साशंक आहे, की माझ्या यशाची किंमत त्याला मोजावी लागणार आहे' हे प्रथम विचारले पाहिजे. दुसऱ्या प्रकारच्या मनुष्यास चिकाटीने नव्हे, न्यायाने उत्तर द्यावयाचे असते.

निष्ठेच्या कसोट्या

वरील विवेचनावरून निष्ठा व हट्ट यांतील भेद दाखविणाऱ्या काही कसोट्या हाती येतात.

पहिली कसोटी अशी की, निष्ठावान उद्योजक शंकेचे रूपांतर तपासता येईल अशा प्रश्नात करतो. 'हिंदुस्थानात पोलाद होणार नाही' हे विधान तपासता येत नाही. 'वरोऱ्याच्या कोळशाचा कोक होतो काय' हे तपासता येते. हट्टी मनुष्य पहिल्या विधानाशी भांडत बसतो.

दुसरी कसोटी म्हणजे, उत्तर प्रतिकूल आल्यास योजना सोडण्याची तयारी. चांदा सोडता आला म्हणूनच साकची सापडले. लंडन सोडता आले म्हणूनच मुंबईतील आठ हजार भागधारक मिळाले. ज्याने बावीस वर्षांत काहीच बदलले नाही, त्याने बावीस वर्षांत काही शिकले नाही, एवढेच सिद्ध होते.

तिसरी कसोटी जोखमीच्या वाटपाची. जो दुसऱ्यांचा पैसा धोक्यात घालतो त्याने स्वतःचाही घातला पाहिजे. १९२४ चे तारण याच कारणाने स्मरणीय आहे. आपली पुंजी सुरक्षित ठेवून भागधारकांस धीर धरण्याचा उपदेश करणाऱ्याच्या ध्येयनिष्ठेविषयी शंका घेणे हा भागधारकांचा अधिकारच होय.

चौथी कसोटी ही की, ध्येय व्यक्तीच्या पलीकडे टिकले पाहिजे. जमशेटजींनी आपल्या कारखान्यातील पोलाद पाहिले नाही. परंतु नकाशे, अहवाल, सल्लागार आणि माहितगार वारस ते मागे ठेवून गेले. जे ध्येय फक्त एका माणसाच्या उत्साहात राहते, ते त्याच्याबरोबर जाते.

पाचवी व शेवटची कसोटी म्हणजे वर सांगितलेला विवेक: शंका कोणती आणि हरकत कोणती, हे ओळखण्याचा.

या कसोट्या पाळल्या म्हणजे यश निश्चित मिळेल असे नव्हे. खनिजाचा साठा, बाजाराचे भाव, युद्ध आणि शांतता या गोष्टी कोणा एकाच्या हातच्या नसतात. नागपूरच्या संग्रहालयातील तो नकाशा दोराबजींच्या दृष्टीस पडला नसता तर काय झाले असते, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, नकाशा भिंतीवर अनेक वर्षे टांगलेला होता आणि शेकडो लोकांनी तो पाहिला असेल. परंतु चांद्याच्या रानातून हात हलवीत आलेल्या, तरीही लोहखनिजाचाच विचार करीत असलेल्या मनुष्यास तो वाचता आला. ध्येयनिष्ठेचा व्यवहारातील उपयोग बहुधा एवढाच आहे, आणि तो थोडा नाही.